नेटचा पाणकर

आमच्या गावात शहाण्यायची कमी नाई, पण नानाजी गहाणे त्या सगळ्यायचा बाप. पाचवीत दोनदा नापास झालेला माणूस, अन् गावातलं एकुलतं एक तारेचं इंटरनेट त्याच्या घरात. मी सिंदेवाहीच्या शाळेत मास्तर. कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, सर्टिफिकेट काचेत मढवून भिंतीवर लावलेलं. अन् मले घरून शाळेचा तक्ता पाठवायचा असला तर कोणाच्या ओसरीवर जाऊन उभं राहायचं? नानाजीच्या. आता बोला.

मोबाइलच्या टॉवरचं तर नावच काढू नका. घरात कसंबसं बोलणं होते, पण नेटसाठी तलावाच्या बांधावर चढलं तर रेंजची एक कांडी दिसते, अन् लाइट गेली की तीही जाते. नानाजीचा पोरगा पियुष हैद्राबादेत नोकरीले. बापाची खबर भेटत राहावी म्हणून त्यानं रस्त्यावरून घरापर्यंत तार ओढून घेतली, भिंतीवर डबा बसवला, लाइट गेली तरी डबा चालू राहावा म्हणून लहानसा इन्व्हर्टर ठेवला, अन् आपला जुना लॅपटॉप बापाच्या हवाली केला. पहिल्याच पावसाळ्यात वीज कडाडली अन् डब्यातलं वायफाय जळालं. लाइनवाल्यानं साधा डबा लावून दिला. त्याच्यातून फक्त एक तार निघते अन् लॅपटॉपात जाते. मंग पियुषनं फोनवर सांगून सांगून बापाच्या हातून लॅपटॉपातलाच हॉटस्पॉट सुरू करून घेतला. म्हणजे लॅपटॉप जागा आहे तोवर गावाले नेट. तो झोपला की सगळ्यायचं बंद.

अन् तो दर दहा मिनिटांनी झोपत होता.

साधी गोष्ट आहे. मशीनले कोणी हात लावला नाई तर ते आपोआप झोपते. किती वेळानं झोपायचं ते सेटिंगमधी लिहिलेलं असते, अन् ते बदलता येते. माह्या सहावीतल्या पोट्ट्या डोळे मिटून करतीन. पण नानाजी कोणाले हात लावू देत नव्हता. काऊन म्हणून विचारलं तर म्हणे, “झोपू द्या जी. झोपते तेव्हाच नेट साचते.”

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मले वाटलं, बुवा मस्करी करून राह्यला. नाई हो. नानाजीले मस्करी येतच नाई. बांधावर बसून वापरला की त्याच्या मोबाइलातला दिवसभराचा पॅक संध्याकाळपर्यंत सरे अन् सकाळी उठून पाहावं तर पुन्हा भरलेला. त्यावरून त्यानं हा शोध लावला होता. अन् एकदा नानाजीच्या डोक्यात काई बसलं की ते काढायले पहार लागते.

त्याचं डोकं समजून घ्यायचं असन तर त्याचा जन्म समजून घ्या. त्याचा बाप पाणकर होता, हाही पाणकर. आमच्या इकडे धानाले तलावाचं पाणी लागते, अन् तलावाच्या पोटाशी तुडूम असते, म्हणजे पाणी सोडायचं दार. पाणकरानं ते उघडायचं, ज्याची पाळी त्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पाणी जाऊ द्यायचं, वेळ झाला की लावून टाकायचं. नानाजीनं हे काम चौतीस वर्षं केलं. हातात घड्याळ नाई. तलावात गाडलेल्या दगडावरच्या खुणा पाहून सांगे, इतकं उरलं, इतक्यायले पुरन. सरपंचाची बांधी असो का ढिवर मोहल्ल्यातल्या कोणाची, वेळ सारखा. स्वतःची दोन एकर सगळ्यायच्या शेवटी. त्याच्यात दोन सालं धान उभ्यानं वाळलं, पण ह्या माणसानं आपला नंबर एक दिवस पुढे नाई घेतला. लोक याले इमानदारी म्हणते. मी म्हणतो, ज्याले स्वतःचं भलं समजत नाई त्याले मराठीत दुसरा शब्द आहे.

मंग गुडघे गेले, तुडूम दुसऱ्याकडे गेलं, बायको वारली, अन् घरात नेट आलं. झालं, बुवाले पुन्हा तलाव भेटला. महिन्याभरात त्यानं ओसरीच्या भिंतीवर खडूनं पाळ्या लिहून काढल्या. हॉटस्पॉटवर एका वेळी आठच फोन जुळते, म्हणून आठ-आठ घरायचे गट. सकाळी वरचा मोहल्ला, मंग देवळाजवळचा, दुपारी ढिवर मोहल्ला. सिनेमा पाहणाऱ्यायले मनाई, कारण सिनेमा पाणी जास्त पिते. लॅपटॉप झोपला की लोक अंगणातून हाका मारत, “नानाजीभाऊ, पाणी सोडा जी.” लोकायनं हे गंमत म्हणून सुरू केलं होतं. त्यानं खरंच घेतलं. हाक आली की उठणार, हात टॉवेलानं पुसणार, आत जाऊन एक बटन दाबणार, अन् बाहेर येऊन खुर्चीवर बसणार. दिवसातून चाळीस वेळा. लाइट गेली तर खुर्चीच उचलून आत नेणार अन् लॅपटॉपसमोर ठाण मांडणार, जसं काई ह्याच्या बसण्यानं लाइट येणार आहे.

मी शाळेत हे सगळं रंगवून सांगत होतो. नानाजीचा चालण्याचा ढंग, हात पुसणं, सगळं करून दाखवत होतो. स्टाफरूममधी बाया-माणसं पोट धरून हसत. मधल्या सुट्टीत कोणी ना कोणी फर्माईश करे, “सर, तुमचा पाणकर होऊ द्या एकदा.” मी करे.

आता दिव्यानीचं सांगतो. नानाजीच्या परसाले लागून इस्तारीचं घर. तलावात जाळं टाकणारा ढिवर, बोलणं कमी, बिडी जास्त. त्याची बायको कुंता, अन् ही एक पोरगी. पोरगी हुशार, हे मले कबूल करावंच लागते, कारण ती माह्याच हाताखालून गेली. बारावी झाली, नर्सिंगच्या प्रवेशाची परीक्षा दिली, मार्क चांगले पडले. आता फक्त कॉलेजायची यादी भरायची होती. पहिलं कोणतं, दुसरं कोणतं, असं लावून, कागद जोडून ते फॉर्म ‘लॉक’ करायचं, लॉक नाई झालं तर भरलेलं सगळं वाया. शेवटची मुदत गुरुवारी संध्याकाळी पाच. त्याच्यात एक कागद असा होता की तो तिले गुरुवारी दुपारीच सिंदेवाहीत हाती भेटणार होता.

बुधवारी ती आधीची पानं भरून ठेवावी म्हणून नानाजीच्या ओसरीवर येऊन बसली. मीही तिथीच होतो, माहं काम घेऊन. अर्ध्या घंट्यात लॅपटॉप तीनदा झोपला. नानाजीनं तिन्ही वेळा उठून बटन दाबलं, ते सांगतलं पायजे. पण दरवेळी नेट तुटलं की पोरीचं फॉर्म पुन्हा पहिल्या पानावर. तिसऱ्यांदा तिच्या डोळ्यात पाणी आलं. मले राग आला. खरं सांगू, तिच्या पाण्याचा कमी अन् नानाजीच्या त्या टॉवेलाचा जास्त.

मी सरळ आत गेलो अन् लॅपटॉपसमोर बसलो.

“गुरुजी, हात नका लावू जी,” नानाजी मागे मागे आला.

“नानाजीभाऊ, हा तलाव नाई,” मी म्हणालो. ओसरीवर आठ-दहा लोक होते, त्यायले ऐकू जावं म्हणून आवाज चढवूनच म्हणालो. “नेट सरत नाई. दिवसभर वापरा, सालभर वापरा, सरत नाई. साचते म्हणून तुमाले सांगतलं तरी कोणी?”

“मंग मोबाइलातलं सरते ते?”

“ते वेगळं. तुमाले नाई समजणार.” मी सेटिंग उघडली. झोपेचं पान काढलं. तिथी लिहिलं होतं, प्लग लावलेला असताना दहा मिनिटांनी झोप. मी तिथी ‘कधीच नाई’ केलं अन् पान बंद केलं. दहा सेकंद लागले असतीन. “दोन सालं तुमी ह्या लोकायले अंगणात उभं केलं, ह्या एका बटनासाठी. आता ह्याच्याजवळ माणसाची गरजच नाई. नेट नाई सरलं नानाजीभाऊ, तुमचं काम सरलं.”

लोक हसले. मीही हसलो. नानाजी नाई हसला. तो तसाच उभा राहून पडद्याकडे पाहत होता. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, पडदा जागाच. मंग हळूच म्हणे, “म्हणजे मी पियुषच्या पोरीसंग जास्त येळ बोललो तं चालन? चेहरा दिसते त्याच्यावर?”

“आतापर्यंत किती बोलत होते?”

“रविवारी चार मिनिटं. चेहरा बंद करून. चेहऱ्याले पाणी जास्त लागते ना जी.”

हे ऐकून माणसाले काईतरी वाटायले पायजे. मले हसू आलं, अन् उद्या स्टाफरूममधी हे सांगायचं, असं मनात आलं. मी म्हणालो, “दिवसभर बोला.”

“अन् मी वडशाले जाऊन येऊ का एक दिवस? रुखमा बिमार आहे म्हणते.” रुखमाबाई त्याची लहान बहीण. दोन सालांत तो तिच्याकडे गेला नव्हता, मशीन सोडून कसा जाणार.

“जा की. तुमाले कोणी बांधून ठेवलं इथी?”

दिव्यानी सगळं ऐकत होती. नानाजीले ती मोठाबाबा म्हणते. तो परसात गेल्यावर ती माह्याजवळ आली अन् खालच्या आवाजात म्हणे, “गुरुजी, उद्याच्या दिवस मोठ्याबाबाले राहू द्या ना. नाई तर मी सिंदेवाहीतच बसून भरतो, कागद भेटला की तिथल्या दुकानात.”

“तिथी लाइन लागते, चार घंटे उभी राहशीन. गावात आता चोवीस तास नेट आहे तर तिथी कायले मरते? कागद घे, घरी ये, आरामात बसून भर.” अन् वरून अजून म्हणालो, “तुले बी म्हाताऱ्याची बिमारी लागली का?”

तिनं फोन उचलला अन् घरी गेली. शिकवलेल्या पोरी मास्तरासमोर गप्पच होतात, तीच तर सोय आहे आमची.

गुरुवारी सकाळी नानाजी घराले कुलूप लावून वडशाले गेला. लॅपटॉप टेबलावर जागा ठेवून गेला. दिव्यानी दुपारच्या बसनं कागद घेऊन आली, तीन वाजता आपल्या घरात भिंतीले टेकून बसली. नेट झकास चालू होतं. शेवटच्या दिवसाची गर्दी, त्यामुळे साइट रडत रडत चालत होती, पण चालत होती. अकरा कॉलेजं लावली. चार वाजून दहा मिनिटांनी कागद चढला. आता एकदा सगळं वाचून घ्यायचं अन् लॉक करायचं, एवढंच राह्यलं होतं.

सव्वाचार वाजता लाइट गेली. पाच मिनिटांनी नेट गेलं.

पुढचं मले कुंतानं सांगतलं, मी तेव्हा शाळेत होतो. दिव्यानी धावत नानाजीच्या दारात गेली. कुलूप. खिडकीतून पाह्यलं तर भिंतीवरचा डबा इन्व्हर्टरवर हिरवा लुकलुकत होता, अन् टेबलावर लॅपटॉप काळा. एक बटन दाबायचं होतं. इस्तारीनं डोंगा ढकलायचा बांबू आणला अन् खिडकीच्या गजातून आत घातला. टेबल आतल्या भिंतीले लागून. बांबू हातभर कमी पडला. दुसरा बांबू बांधून लांब केला तर तो गजात फिरेना. कुंता म्हणे, कुलूप फोडा. इस्तारीनं कुऱ्हाड आणलीही. मंग तसाच उभा राह्यला. म्हणे, “नानाजीच्या घराचं कुलूप?” अन् कुऱ्हाड खाली ठेवली. बांधावर जावं तर लाइट नसली की टॉवर मेलेला. शेवटी पलीकडच्या घरची मोटरसायकल मागून बापलेक सिंदेवाहीले निघाले. रस्ता बारा किलोमीटर, त्यातला अर्धा रस्ता म्हणायच्या लायकीचा नाई. दुकानात पोहोचले तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. पडद्यावर लिहून आलं, मुदत संपली.

संध्याकाळी मी गावात आलो तर चौकात एकच विषय. नानाजी. ऐन वक्तावर पळाला. दोन सालं छाती काढून बसला अन् गरिबाच्या पोरीची वेळ आली तर कुलूप लावून बहिणीकडे पाहुणा गेला. ढिवराच्या पोरीचं भलं पाहवलं नाई, असंही एक जण म्हणाला. मी काय म्हणालो? मी म्हणालो, “काय माणूस आहे.” वडशाले जा म्हणून मीच म्हणालो होतो, पण तोंड आपलं काम करत होतं.

शुक्रवारी सकाळीच नानाजी आला. खांद्यावर पिशवी, बहिणीनं दिलेले चार भोपळे त्याच्यात. रस्त्यात त्यानं राम राम केला, कोणी उत्तर नाई दिलं. त्याले काई कळेना. घरी पोहोचल्यावर कोणीतरी सगळं ऐकवलं, ऐकवलं म्हणजे चांगलंच ऐकवलं. मंग त्यानं मले बोलावणं धाडलं. मी गेलो. ओसरीवर बुधवारचेच लोक बसून होते, मी मशीनमधी काय पाहतो ते पाहायले.

लाइट आलेली होती. मी बटन दाबलं, लॅपटॉप जागा झाला. सेटिंगमधलं झोपेचं पान उघडलं. त्या पानावर दोन ओळी असतात. वरची, प्लग लावलेला असताना. तिथी माह्या हातचं ‘कधीच नाई’. तिच्याखाली बोटभर अंतरावर दुसरी, बॅटरीवर असताना. तिथी पाच मिनिटं. लाइट गेली, लॅपटॉप बॅटरीवर आला, खालची ओळ लागू झाली, अन् पाच मिनिटांनी मशीन झोपलं. बुधवारी मी ती ओळ वाचलीच नव्हती. लोकायकडे तोंड करून बोलत होतो ना मी.

नानाजीले ह्या ओळी माहीत असायचं काई कारण नाई. पण लाइट गेली की मशीन लवकर झोपते, हे त्यानं नुसतं पाहून पाहून ओळखलं होतं. म्हणून तो खुर्ची आत नेऊन बसे. दोन सालं मी ते डोळ्यानं पाहत होतो. अन् त्याची नक्कल करून दाखवत होतो.

नानाजी टेबलाच्या काठाले धरून उभा होता. पिशवी अजून खांद्यावरच.

“गुरुजी, एक इचारू?”

“विचारा.”

“काल निघायच्या आधी पियुषच्या पोरीसंग बोललो जी. तुमी म्हणले होते म्हणून. घंटा दीड घंटा झाला असन. ती गाणं म्हणे, मंग नाच करून दाखवे. पहिल्यांदाच चालताना पाह्यली तिले. मले थांबताच आलं नाई.” त्यानं लॅपटॉपकडे पाह्यलं. “त्याच्यातच सरलं का जी दिव्यानीचं?”

माउसचा बाण खालच्या ओळीवर होता. एकच वाक्य बोलायचं होतं. नाई नानाजीभाऊ, नेट सरत नाई, चूक माही झाली. जन्मभर पोरायले चूक कबूल करायले शिकवून राह्यलो, बाकावर उभं करून कबूल करायले लावून राह्यलो. ओसरीवर लोक कान देऊन होते. त्यायच्यातले दोघं माह्या हाताखालून गेलेले.

“असन,” मी म्हणालो.

अन् खालच्या ओळीत ‘कधीच नाई’ करून टाकलं.

नानाजीनं मान हलवली. पिशवी खाली ठेवली. खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली, धोतर सारखं केलं, अन् परसातून इस्तारीच्या घराकडे निघाला. दुखऱ्या गुडघ्यानं कुंपणाची काठी ओलांडताना त्याले दोनदा थांबावं लागलं. मले खिडकीतून दिसत होतं. दिव्यानी अंगणात भांडे घासत होती, त्याले पाहून उभी राह्यली. तो तिच्यासमोर गेला, अन् सत्तर वर्षांच्या त्या माणसानं अठरा वर्षांच्या पोरीपुढे हात जोडले.

“बाई,” तो म्हणाला, “तुह्या वाटणीचं मी बोलून टाकलं.”

ती काय म्हणाली ते ऐकायले मी थांबलो नाई. शाळेची वेळ झाली होती.